चोरीला न गेलेली ऐरण

मी, मिर्झोहिद कुल्दोशेव, वय ५१ वर्षे, व्यवसाय शाळेत भूमिती शिकवणे, राहणार सुरीवाल्यांची गल्ली, चुस्त, प्रांत नमंगान, आज गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता ठाण्यात आपण होऊन हजर झालो. समक्ष सांगतो की, सोमवारी याच टेबलावर दिलेली माझी चोरीची तक्रार खोटी नव्हती, मूर्खपणाची होती. ठाणेदार साहेब म्हणाले, "मास्तर आहात, तुम्हीच लिहा. माझा हात वाचेल." म्हणून जबाब माझ्या अक्षरात आहे. उजव्या अंगठ्याला पट्टी असल्याने अक्षर असे आले आहे.

माझी मुलगी सनोबर हिचे लग्न उद्या आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पुलावाची गाजरे चिरायला गल्लीतले सगळे पुरुष अंगणात जमतात. गल्लीत अकरा घरे सुऱ्या घडवणाऱ्यांची आणि एक माझे. फेब्रुवारीत चहा पिताना मी चारचौघांत बोलून गेलो की, सनोबरच्या लग्नातले पहिले गाजर मी स्वतः घडवलेल्या सुरीने चिरीन. कोणी आग्रह केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शेजारचे होलिक उस्ता (म्हणजे सुरीकामातले उस्ताद), वय ७३, यांना विचारले की, नवशिक्याने कोणती अवजारे घ्यावीत. ते म्हणाले, "एक कानस, एक हातोडी, एक सांडशी. सहा महिने नुसती कानस चालवा. मग बोलू."

मी म्हटले, "उस्ता, लग्न जूनमध्ये आहे."

"मग जावयाला सांगा थांबायला."

मला यादी तोकडी वाटली. मी मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्यापाशी सर्व यंत्रे होती, शिवाय दाढ्या होत्या. मी पट्ट्याचे घासायचे यंत्र, ड्रिल मशीन, गॅसची भट्टी, चामड्याचा ॲप्रन आणि पासष्ट किलोची ऐरण आणली. ऐरणीवर हातोडी मारून विकणाऱ्याने ती घंटेसारखी वाजवून दाखवली. मी जाणकारासारखी मान डोलावली. कानस घेतली नाही. ती दिसायला गरीब वाटली. सामान गोठ्यात लावले आणि गाय बाहेर बांधली.

मेअखेर माझी नऊ पाती झाली. यंत्र इतके जोरात घासते की पाते तापून निळे पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. मग धार टिकत नाही. मला निळा रंग आवडला होता. नववे पाते मी उस्तांना दाखवले. त्यांनी ते गाजरावर दाबून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, ही सुरी गाजर चिरत नाही. गाजराची समजूत काढते." गल्ली हसली. मी त्यांच्याशी बोलणे टाकले.

गेल्या शनिवारी यंत्रात माझा अंगठा सापडला. पाच टाके पडले. रविवारी पट्टी बदलून घरी आलो तो गोठा रिकामा. भिंतीला टेकवलेली एक जुनी कानस तेवढी होती. चोर आपले अवजार विसरला, असा मी तर्क केला. उस्तांचे घर दहा पावलांवर आहे, ठाणे दोन किलोमीटरवर. मी सोमवारी ठाण्यात आलो आणि संशयित म्हणून उस्तांचे नाव दिले.

काल उस्तांना येथे बोलावले. ते म्हणाले, "हो, मीच नेलं," आणि येथल्या बाकावर जाऊन बसले. आज दुपारी बारा वाजता त्यांना नमंगानला पाठवायचे आहे.

काल संध्याकाळी जेवताना मी म्हटले, "बघितलंस? कबूल झाला म्हातारा!" त्यावर माझ्या घरातील एका व्यक्तीने पळी खाली ठेवली. ही व्यक्ती मला अहो म्हणते. याहून अधिक ओळख देणार नाही. ती म्हणाली, "अहो, सामानाचा गाडा मी ढकलला. परवा पोरीच्या डोक्यावर ठेवायला हात नको होता का शाबूत? मीच उस्तांना म्हटलं, लग्न होईतो तुमच्याकडे असू द्या. ते म्हणाले, नेतो, पण माझी कानस ठेवून जातो. मास्तर शिकलेले आहेत, समजतील."

आमच्या गल्लीत उस्ताने कुणाच्या दारी आपली कानस ठेवली, तर त्याने नान घेऊन उस्ताकडे जायचे असते. त्याला शागीर्द केलेले असते. हे आमच्या गाईलाही ठाऊक असावे. सूप तसेच निवले.

आज सकाळी बाकावर बसलेल्या उस्तांना मी विचारले, "खरं का नाही सांगितलंत?"

"लग्नघरातल्या बाईचं नाव ठाण्याच्या कागदावर घालू? भूमितीत बसत असेल, आमच्यात नाही बसत." एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. चहाच्या पेल्याच्या बुडावर ते ठाण्याच्या स्वयंपाकघरातील सुरीला धार लावत होते.

मी म्हटले, आज संध्याकाळी मी सर्वांसमोर माझा शब्द मागे घेतो. ते म्हणाले, "मागे नका घेऊ, पुढे ढकला. नातू होईल, त्याच्या सुंतेचा पुलाव असेलच. तोवर कानस हातात बसेल."

तरी उस्तांना बाराच्या आत सोडावे. गाजरे साठ किलो आहेत. माझी तक्रार कोणाविरुद्ध नाही. माझ्याविरुद्ध कोणाची असल्यास ती खरी समजावी. येताना दोन नान आणले आहेत. ते पुरावा म्हणून जमा करून घेऊ नयेत.

वरील मजकूर ठाणेदार साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला आणि बाकावरून उस्तांनीही ऐकला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. वर 'एक जुनी कानस' असे लिहिले आहे, तेथे 'उस्तांच्या उस्तांची कानस' असे वाचावे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही डाव्या हाताने केली आहे.

मिर्झोहिद कुल्दोशेव