काळ्या तोंडाचा धोबी

हसू नका, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बायको वारून दोन महिने झाले होते, पदरात दोन मुली, आणि दरबारच्या संग्रहालयातली नोकरी एवढाच आधार. त्यात विलायतेहून पक्ष्यांचा नवा ग्रंथ आला. पांढरा धोबी आणि काळ्या तोंडाचा धोबी या दोन जाती त्यात एकच मानल्या होत्या. मी राज्याच्या यादीतून दुसऱ्याचं नाव खोडलं.

लगेच गोरखी महालाजवळच्या हवेलीवर बोलावणं आलं. आमच्या खात्याचे सरदारसाहेब यादी घेऊन बसले होते.

“काय हो पंत, गेल्या साली होता तो पक्षी यंदा कुठे गेला?”

“इथेच आहे, साहेब, तळ्यावर. पण आता त्याला वेगळी जात मानत नाहीत.”

“कोण मानत नाही? यादीवर दरबारची मोहोर आहे! आठ दिवसांत पक्षी हजर करा, नाहीतर घरी बसा.”

आठव्या दिवशी सकाळी मी साहेबांना तळ्यावर नेलं. काठावर काळ्या तोंडाचा धोबी शेपटी हलवत होता.

“हाच का?”

“हाच, साहेब.”

त्यांनी बंदूक उचलून त्याला टिपलं.

“झाला हजर. अब लिखो, पंत.”

मी नाव पुन्हा लिहिलं. त्या सकाळी तळ्यावर तसा पक्षी तो एकटाच होता.