आदरणीयांचं खरबूज

नाही नाही भाऊ, तो पुढचा ढीग नका बघू — तो दिसण्यापुरता आहे, हुकूमच आहे तसा, पुढच्या फळीवर ‘आदरणीय-एक’च पाहिजे. खायचं नसतं ते, कडू आहे. तुम्हाला मी मागचं देते, पोत्याखालचं, जाळीदार सालीचं, जुन्या वाणाचं. बसा त्या खाटेवर. तुमच्या ट्रकचं चाक बेर्दी मिस्त्री काही तासाभरात लावत नाही, हात सावकाश आहे त्याचा. चहा घ्या. आणि मी बोलतेय ती तुमच्या गाडीची पाटी बघून बरं — परक्या देशाची पाटी, संध्याकाळपर्यंत तुम्ही सरहद्दीपलीकडे. इथल्या माणसाशी मी हवापाण्याशिवाय बोलत नाही.

कडू म्हणजे किती कडू? शी! कारलं परवडलं हो, ते निदान कारल्यासारखं लागतं. हे म्हणजे साबणाच्या पाण्यात गंजकं लोखंड भिजवावं तसं — आणि वर एक गोडसर चिकट थर, तो तर आणखी किळसवाणा. आदरणीयांनी, म्हणजे आमच्या राष्ट्रप्रमुखांनी, म्हणे स्वतःच्या बागेत, स्वतःच्या हाताने हा वाण काढला. कुठल्या रानवेलीचं परागण झालं देव जाणे! पण पहिल्याच खरबूज-सणाला फर्मान — भोंगा वाजला की सगळ्या देशाने एकदम एक-एक फोड खायची. शाळेच्या पटांगणात पोरं ओळीने ओकत होती, आणि मास्तरीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, “आनंद मावत नाहीये लेकरांना!” या कानांनी ऐकलंय. दवाखान्यात कागदावर काय लिहीत होते माहितीय? ऊन लागलं. आभाळ भरून आलेलं, आणि म्हणे ऊन लागलं!

मी? मी तेव्हा शहराबाहेरच्या खरबूज केंद्रात होते — चव-समितीत. हसताय काय, नोकरीच होती ती. दिवसभर चाखायचं, कुस्करायचं, वहीत लिहायचं. आमचे प्रमुख चारीयार आगा. वाकलेला उंच माणूस, खरबूज कानाशी धरून टिचकी मारायचा आणि सांगायचा, “परवा तोडा, आज नको.” आणि परवाच ते पिकलेलं असायचं! तीस वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी जुनी बियाणं गोळा केली होती, कापडी पुरचुंड्यांत, प्रत्येकीवर गावाचं नाव. हुकूम आला — सगळं जाळा, यापुढे एकच वाण. आगांनी जाळलं. अंगणात उभं राहून, स्वतःच्या हाताने. मला म्हणाले, “सोना, वास बघ किती चांगला येतोय — भाजल्या बियांचा.” माणूस असं बोलतो तेव्हा समजावं, आतून गेला तो. हो, थोड्या राहिल्या माझ्या झग्याच्या खिशात. तुमच्या हातातलं खरबूज त्याच बियांचं.

मग तो दिवस. दूरचित्रवाणीवाले आले, मंत्रालयाचा माणूस आला — गुबगुबीत, सारखा ओठ चाटणारा. आम्ही पाच जण लांब टेबलाशी, टेबलावर पांढरी चादर जमिनीपर्यंत. पाचही जणांनी खायचं, हसायचं आणि म्हणायचं, याहून गोड आम्ही काही चाखलं नाही. झालं, खाल्लं. हसलो. म्हणालो. कॅमेरा बंद झाला, तो माणूस खूश. मग चादर ओढून घडी करायला गेले तर खाली, फरशीवर, चघळलेला गोळा. थुंकलेला. तो माणूस एकदम थंड आवाजात म्हणाला, “कोणाचा?” मग कळलं, आगांचा होता. नेलं त्यांना. मिठागरावर, सक्तमजुरीला. आठ वर्षं सांगितली होती, तिसऱ्याच वर्षी पायाला जखमा होऊन गेले. मिठात जखम भरत नाही भाऊ.

काय? कसं कळलं म्हणजे? — कळलं. तिथेच होते मी, शेजारच्या खुर्चीवर. थुंकताना पाहिलं का? तुम्ही ड्रायव्हर आहात का वकील? चहा प्या.

नाही पाहिलं. कसं पाहणार — आगांनी गिळलं होतं. अख्खी फोड, सालीपर्यंत. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गिळलं त्यांनी, कारण आमच्यातला एकजण जरी चुकला तरी सगळे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आम्हा चौघांसाठी गिळलं. आणि मी — माझ्या घशाखाली उतरेना हो! मी शेल्याच्या टोकात धरायला गेले आणि ते निसटलं. एवढंच. निसटलं. तो माणूस एकेकाच्या तोंडासमोर येऊन उभा राहायला लागला, वास घेत, कुत्र्यासारखा. माझ्यापाशी आला आणि माझं बोट — मी उचललं असं नाही म्हणत, बोट वर गेलं. आगांकडे. आगांनी बघितलं माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या दोन मुली त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेल्या. ते उठले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “माझंच आहे.”

आदरणीयांची किळस येते मला, येतेच, त्यांचं चित्र भिंतीवर दिसलं तरी तोंडात ती चव येते. पण सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं तरी तीच चव येते, त्याचं काय करू?

आणि जेरेन — आगांची बायको. जिवंत आहे ना! या बाजारापलीकडच्या गल्लीत राहते. दर शुक्रवारी येते, माझ्याशेजारी बसते, माझा हात हातात घेते. म्हणते, “त्यांना नेलं तेव्हा तू तरी होतीस गं त्यांच्याजवळ. सगळे परकेच नव्हते तिथे.” मला बहीण म्हणते. गेल्या हिवाळ्यात स्वतः विणलेले मोजे दिले. घातले मी. हो, घातले! थंडी होती. मागच्या खेपेला विचारत होती, नेताना काही बोलले का? मी म्हटलं, तुझं नाव घेतलं. कशी रडली — आनंदाने रडली, आणि मी तिचे डोळे पुसले याच हातांनी. पंधरा वर्षं झाली. दर शुक्रवारी ठरवते, आज सांगायचं.

आज कोणता वार?

उठा भाऊ. ती बघा, निळ्या रुमालाची, कोपऱ्यावर — नाही, बघू नका तिकडे. चहा राहू द्या. खरबूज घ्या काखेत आणि बेर्दीकडे जाऊन थांबा. आणि हे बघा, तिने वाटेत काही विचारलं ना, तर तुम्हाला आमची भाषा येत नाही. — ये गं जेरेन, ये, बस इथे, ऊन नको लागायला!