कडुबामामांचा कीस आणि माझा अहवाल

आदरणीय अध्यक्ष सर्जेराव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कडुबामामा, सुरेखामामी आणि वाळूजहून पाळी संपवून थेट इथं आलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मामा आज निवृत्त होत आहेत. त्यांनी ज्यावर काम केलं, त्या भंगारापासून यंत्रांचे भाग घडवण्याच्या प्रकल्पाबद्दल बोलायला मला सांगितलं आहे. लेथवरचा अॅल्युमिनियमचा कीस आपण धुतो, भट्टीत वाळवतो, दाबून त्याच्या कांड्या करतो. कांडी वेगानं फिरवत पत्र्यावर दाबली की घर्षणानं मऊ होते आणि न वितळता थरावर थर बसतो. अर्थात, कीस स्वच्छ असेल तर. तो निवडायचे मामा. चिमूटभर तळहातावर चोळून, वास घेऊन.

गेल्या वर्षी पाहुण्यांसमोर चाचणी होती. आदल्या दिवशी मामा म्हणाले, "म्याडम, कीस अजून तेलकट लागतोय."

मी म्हणाले, "मामा, ते आता भट्टी ठरवते."

"व्हय का? मग भट्टीलाच वास घ्यायला लावा."

सगळे हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी थर वहीच्या पानांसारखे सुटले. अहवालात मी कारण लिहिलं: निवडताना दुसऱ्या धातूची भेसळ. तपासणी न करता लिहिलं. आठवड्याभरात मामांची गेटवर बदली झाली. तिथं एकदा मला म्हणाले, "आता मान्सं निवडतो. ह्यात भेसळ लई."

मार्चमध्ये मी उरलेला तुकडा तपासला. दुसरा धातू नव्हता; तेलाचे अंश होते. भट्टीची नोंदवही काढली. ठरलेले तास चार, दिलेला वेळ दीड तास. भट्टी बंद केल्याची नोंद माझ्या अक्षरात होती.

मग मी अहवाल दुरुस्त केला का? नाही. का नाही? माझी बढतीची मुलाखत जवळ आली होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

एकोणतीस वर्षांत मामांच्या नावावर एकच चूक आहे, आणि ती माझी आहे. दुरुस्त अहवाल सही करून आज सकाळी साहेबांकडे दिला. साहेब म्हणाले, "कार्यक्रमानंतर बघू." पण कार्यक्रमानंतर मामा घरी जाणार, ती चूक सोबत घेऊन. म्हणून इथंच बोलले. आयोजकांनी राग मानू नये.

शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं.

मामा, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका.