चेनीचा आवाज

कानातल्या यंत्राची फार कटकट होते, म्हणून निवृत्त पोस्टमनकाका ते परत करायला कानाच्या दवाखान्यात आले होते. शेजारी एक म्हातारे शिंपी आणि त्यांची नात. शिंप्यांच्या कानात यंत्र आत्ताच बसवलेलं.

"आजोबा, चेनीला इंग्रजीत झिप म्हणतात ना, ते तिच्या आवाजावरून."

"कुणाला शिकवतेस? चाळीस वर्षं चेनी लावल्या मी. चेनीला कुठला आलाय आवाज!"

"असतो हो! भर्रकन काही गेलं की त्या आवाजाला झिप म्हणायचे. तेच नाव मग चेनीला पडलं."

"काहीतरी थापा मारू नकोस."

"बरं, ही घ्या माझी बॅग. ओढा चेन."

"अं?"

"ऐकलंत?"

"थांब, थांब. पुन्हा ओढतो."

"आजोबा, सगळे बघताहेत."

"बघू देत. हजारो लावल्या गं! मला वाटायचं, मुक्याच असतात बिचाऱ्या."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "यंत्र परत करणारे काका कोण?"

पोस्टमनकाकांनी मांडीवरच्या पिशवीची चेन हळूच ओढली. मग उघडून पुन्हा ओढली.

"ते गेले वाटतं, बाई," ते म्हणाले.