चुकीच्या शाखेकडे निघालेलं रेकॉर्ड

टेक्सासमधल्या कॉलेजात, परदेशी मुलांच्या ऑफिसबाहेर मी फरशी पुसत होतो. रांगेत नेपाळातल्या आमच्या पोखऱ्याची सिर्जना उभी होती. हे कॉलेज सोडून ती विद्यापीठात जाणार होती. शेजारी तिचा फॉर्म भरून देणारा खगेन दाइ, म्हणजे आम्हा सगळ्यांचा थोरला भाऊ.

“दाइ, मला प्रवेश मिळालाय विद्यापीठाच्या मोठ्या शाखेत. तू माझं व्हिसाचं रेकॉर्ड पाठवायला लावलंस सीमेजवळच्या शाखेकडे!”

“नाव एकच आहे गं दोन्हींचं. यादीत पहिलं दिसलं ते निवडलं.”

“उद्या रेकॉर्ड तिकडे गेलं की इथले लोक हात वर करणार. व्हिसाचे नवे कागद मिळाले नाहीत तर मला थेट घरी जावं लागेल, कळतंय का?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत! मी म्हणत होते, ऑफिसात विचारून येते. कोण म्हणालं, जाऊ नको, उगाच नजरेत येशील?”

“सगळे तेच म्हणतात.”

“सगळे तुझंच ऐकून म्हणतात. सहा वर्षांत तू एकदा तरी या खिडकीशी आलायस?”

“परवा माझ्याकडे मोमो खाताना फार गोड बोलत होतीस.”

“ते मोमोही मीच वळले होते!”

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला.

“अजून गेलेलं नाही. आत्ता बदलते. पण हे भरलं कुणी?”

खगेन दाराकडे सरकला. सिर्जनाने त्याचं जाकीट धरलं.

“यानं. याला आत घ्या, मॅडम, आणि नीट शिकवा. अजून अकरा जणांचे फॉर्म याच्या लॅपटॉपमध्ये आहेत.”