साडीसोबत दिलेली कादंबरी

चिखलीच्या स्टँडवर खामगावच्या गाडीची वाट पाहत माझ्या मागच्या बाकावर रेणुका आणि सारिका बसल्या होत्या, एकमेकींच्या साड्या बदलून नेसलेल्या.

"सारिके, माही साडी तुले लय शोभते वं. सोबत देलेली कादंबरी वाचली?"

"हाव रेणुके, दोनदा."

"मंग तिच्यावरचा सिनेमा कसा वाटला?"

"शेवटाचा पुरा सत्यानाश केला त्यायनं! पुस्तकात वाचून मी केवढी रडली होती."

"शेवटच्या पानापर्यंत वाचलं?"

"तुही शपथ!"

"मंग साडीवर हे जुनं ब्लाउज काऊन घातलं?"

"मॅचिंग भेटलंच नाही."

"तुह्या मापाचं शिवाले टाकलं होतं मी. टेलरची पावती त्याच शेवटच्या पानात ठेवली होती."

"गाडी लागली वाटते, चाल लवकर."

"ते मेहकरची आहे. बस खाली."