खारेपाटातली बोर

हॅलो?… हॅलो, कोण, हॉटेलवाले शेट का?… मी चंदर, अलिबागेहून. तुमच्या माडीवरच्या काशीचा भाऊ… हां, तिला बोलवा ना जरा. ट्रंक कॉल हाय, धावत ये म्हणावं.

…काशे? न्हाय, न्हाय, आय बरी हाय. अगं आधीच रडतेस कशाला? सगळी बरी हायत… ऐक ना. यंदा भाऊबीजेला येऊ नको तू.

काय न्हाय झालं. गावात कांजण्या आल्यात… व्हय, तुला येऊन गेल्या… पोरांनाबी गेल्या? बरं, पण एस्टीचं काय खरं न्हाय… बोटीनं? अगं, रेवसला उतरून पुढं काय करशील?… चालत? एवढं?

न्हाय, बायकोशी भांडलो न्हाय… आयची शपथ कशाला घालतेस गं… थांब. सांगतो. कोजागिरीच्या उधाणाला बांध फुटला… व्हय, आपल्याच शेताजवळ. ही एवढी खांड! खाडीचं पाणी आत. भात पिकत आलेलं, सगळ्या गावाचं. ओहोटी हाय तवर बुजवायची, न्हायतर गेलंच. नुसता चिखल टिकतोय का? तळाला बोराटी घालायची तेव्हा कुठं तो धरतो. कुंपणं उपसली, गावात काटेरी फांदी म्हणून उरली न्हाय…

अगं ऐक तरी… हो… हो, तीच. शेताच्या कोपऱ्यावरची बोर.

मी न्हाय! मी हात न्हाय लावला. कोणीच न्हाय. बुधाजीकाका, दयाराम, सगळे माना खाली घालून उभे. झाडाखाली तुझी छकुली पुरलीय, ठाऊक न्हाय का कोणाला?… आयनं… आयनंच कोयता घेतला, काशे. म्हणाली, माझ्या नातीचं झाड, दुसऱ्याचा हात नको.

मला काय विचारतेस, आयला कसं तोडवलं म्हणून? दोन रोपं त्या खाऱ्या ओलीत करपली तेव्हा मीच बघितलंय तिला. जेवण टाकलं होतं. तिसऱ्याला मातीचा उंचवटा केला, विहिरीचं गोडं पाणी डोक्यावरून नेलं, कोणाला शिवू दिलं न्हाय… व्हय, गेल्या साली तुला धाडली ती बोरं तिचीच. पहिली.

…न्हाय. भातबी न्हाय वाचलं. संध्याकाळच्या भरतीनं चिखल नेला, बोराटी नेली, सगळं फुकट गेलं… कोण? हां बाई, द्या ना अजून तीन मिनिटं, तोडू नका.

हां, बोल… खुंट? व्हय, बोर खुंटावरनं फुटते, ठाऊक हाय मला… न्हाय गं, तू कशाला येतेस पाणी घालायला… काशे, खुंट न्हाय… न्हाय म्हणजे न्हाय! खांड त्याच अंगाला रुंदावली. कोपराच गेला. तिथं आता खाडी हाय.

…व्हय… छकुलीबी…

रड. रड बाई… शेट बघू देत, रड तू.

आय? काय सांगू! ओहोटी लागली की गाळात उतरते, हातानं चाचपत बसते. आणायला गेलो तर माझ्या अंगावर येते. परवा तिला एक फांदी गावली, आपल्या बोरीची. अंगणात उंचवटा केला, त्यात रोवलीय. सकाळ-संध्याकाळ गोडं पाणी घालते… अगं, तोडलेली फांदी ती, खाऱ्या पाण्यात राहिलेली, जगते का कधी? पानं झडली, काळी पडलीय. सांगायला जातो नि तिचं तोंड बघून माघारी येतो. मला घरात बसवत न्हाय, काशे.

…कांजण्यांचं? ते माझ्या मनाचं. पण फोन करायला तिनंच धाडलं. म्हणाली, पालवी फुटली की आपण होऊन काशीला बोलवू. तवर तिला येऊ देऊ नको.

आता तूच सांग, तुला कधी ये म्हणू?…

काशे?… हॅलो?… बाई, लाइन हाय ना?… हॅलो?